धातूंच्या क्षारांची द्रावणे मिसळल्यावर बदलणारे रंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या उत्तरांत वेगळे काही सांगितले नसेल तर धातूच्या क्षाराचे द्रावण ०.१ मोलर (मोलर म्हणजे लिटरमागे किती मोल पदार्थ), सोडियम हायड्रॉक्साइड आणि अमोनिया प्रत्येकी २ मोलर, परीक्षानळीत १ मिलि द्रावण आणि ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०५ मिलि (म्हणजे २० थेंबांचा १ मिलि) असे धरले आहे. प्रमाण बदलले की निरीक्षणही बदलते, म्हणून हे आकडे आधीच सांगून ठेवले.

दोन द्रावणे मिसळली आणि रंग बदलला. म्हणजे अभिक्रिया झालीच ना?

तसे नाही. नुसते विरल झाल्याने रंग फिका पडतो. दोन रंग एकमेकांत मिसळूनही तिसराच रंग दिसतो. कॉपर सल्फेटचे निळे आणि निकेल सल्फेटचे हिरवे द्रावण एकत्र केले की निळसर हिरवे दिसते, पण आत नवीन काहीच तयार झालेले नसते. हिरवे निकेल आणि गुलाबी कोबाल्ट योग्य प्रमाणात मिसळले तर मिश्रण करडे, जवळजवळ बेरंगी दिसते. दोन रंग एकमेकांना खाऊन टाकतात, आणि पाहणाऱ्याला वाटते मोठी अभिक्रिया झाली.

खात्री करण्याची सोपी युक्ती आहे. दोन्ही द्रावणांत स्वतंत्रपणे त्यांच्याइतकेच पाणी घाला. आता या दोन परीक्षानळ्या एकामागे एक धरून पांढऱ्या कागदाकडे पाहा. शेजारी खऱ्या मिश्रणाची तेवढ्याच व्यासाची नळी धरा. दोन्हीकडे प्रत्येक आयनाचे (विद्युतभार असलेल्या कणाचे) प्रमाण निम्मे आणि प्रकाशाचा मार्ग तेवढाच असतो. त्यामुळे अभिक्रिया झाली नसेल तर दोन्ही रंग सारखेच दिसायला हवेत. फरक दिसला तर पुढे विचार करण्यात अर्थ आहे.

निरीक्षणात नेमके काय लिहावे? ‘निळा झाला’ एवढे पुरे नाही का?

नाही. रंग कशाला आला, द्रावणाला की अवक्षेपाला (न विरघळता वेगळ्या झालेल्या घन पदार्थाला), हे सर्वांत आधी लिहा. निळ्या द्रावणात तरंगणारा पांढरा अवक्षेप डोळ्यांना निळाच दिसतो. सेंट्रिफ्यूजमध्ये एक-दोन मिनिटे फिरवा किंवा तसाच दहा मिनिटे खाली बसू द्या, वरचे द्रावण ड्रॉपरने काढून घ्या आणि अवक्षेप ऊर्ध्वपातित पाण्याने दोनदा धुवा. मग दोघांचे रंग वेगवेगळे नोंदवा.

दुसरी नेहमीची गफलत म्हणजे ‘पारदर्शक’ आणि ‘रंगहीन’ हे एकच समजणे. कॉपर सल्फेटचे द्रावण निळे आहे आणि पारदर्शकही आहे. तिसरी गोष्ट म्हणजे क्रम. कोणत्या थेंबाला बदल सुरू झाला, नळी हलवल्यावर टिकला का, जास्त अभिकारक (परीक्षेसाठी घालायचे द्रावण) घातल्यावर काय झाले, पाच मिनिटांनी काय दिसले, तापवल्यावर काय झाले. ओळख बहुतेक वेळा अंतिम रंगावरून पटत नाही, या क्रमावरून पटते. पांढरे अवक्षेप देणारे धातू डझनभर आहेत. पण पांढरा अवक्षेप सोडियम हायड्रॉक्साइडच्या जादा मात्रेत विरघळतो आणि अमोनियात विरघळत नाही, असे म्हटले की यादी एकदम आखूड होते.

काही क्षार रंगीत आणि काही रंगहीन का?

तांबे, निकेल, कोबाल्ट, लोह, क्रोमियम यांच्या आयनांत डी-कक्षक (इलेक्ट्रॉनांच्या जागांचा एक प्रकार) अर्धवट भरलेले असतात. भोवतीच्या पाण्याच्या रेणूंमुळे या कक्षकांच्या ऊर्जेत फरक पडतो, आणि त्या फरकाइतका प्रकाश शोषला जातो. उरलेला प्रकाश आपल्याला दिसतो. पाण्यातला कॉपर आयन ८०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे लाल आणि त्याच्या पलीकडचा प्रकाश शोषतो, म्हणून फिकट निळा. पाण्याच्या जागी अमोनिया आला की शोषण ६०० नॅनोमीटरच्या जवळ सरकते आणि सुमारे चौपट तीव्र होते, म्हणून गडद निळा.

झिंकचे डी-कक्षक पूर्ण भरलेले, ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियममध्ये डी-इलेक्ट्रॉनच नाहीत, म्हणून त्यांची द्रावणे रंगहीन. मँगनीज(दोन) मध्ये (कंसातली संख्या म्हणजे धातूने गमावलेले इलेक्ट्रॉन) पाच डी-इलेक्ट्रॉन आहेत, पण इलेक्ट्रॉनला वर जाताना फिरकीची दिशा बदलावी लागते आणि तसे फार क्वचित घडते. त्यामुळे ०.१ मोलर द्रावण जवळजवळ पाण्यासारखेच दिसते, फिकट गुलाबी छटा संहत (दाट) द्रावणातच जाणवते.

डी-कक्षकांचे हे स्पष्टीकरण सगळीकडे लागू करू नका. परमँगनेटचा जांभळा, क्रोमेटचा पिवळा, लेड आयोडाइडचा पिवळा आणि फेरिक (म्हणजे लोह(तीन); फेरस म्हणजे लोह(दोन)) थायोसायनेटचा लाल हे रंग एका अणूवरून दुसऱ्या अणूवर इलेक्ट्रॉन सरकण्यातून येतात. असे रंग शेकडो पटींनी तीव्र असतात, म्हणून परमँगनेटचा एक थेंबही नळीभर पाणी रंगवतो.

०.१ मोलर द्रावणे बनवताना किती ग्रॅम घ्यायचे?

१०० मिलि द्रावणासाठी: कॉपर सल्फेट (पाच रेणू पाणी असलेले, म्हणजे मोरचूद) २.५० ग्रॅम, निकेल सल्फेट (सहा पाणी) २.६३, कोबाल्ट क्लोराइड (सहा पाणी) २.३८, फेरिक क्लोराइड (सहा पाणी) २.७०, फेरस अमोनियम सल्फेट ३.९२, झिंक सल्फेट (सात पाणी) २.८८, लेड नायट्रेट ३.३१, सिल्व्हर नायट्रेट १.७०, पोटॅशियम आयोडाइड १.६६ ग्रॅम. बाटलीवर पाण्याचे किती रेणू लिहिले आहेत ते पाहा. निकेल सल्फेट सात पाण्याचे असेल तर २.८१ ग्रॅम लागेल.

पाणी ऊर्ध्वपातितच हवे. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे सिल्व्हर नायट्रेट लगेच दुधाळ होते. लेड नायट्रेट नळाच्या पाण्यातल्या सल्फेट आणि कार्बोनेटमुळे गढूळ होते. फेरिक क्लोराइड साध्या पाण्यात विरघळवले तर काही दिवसांत तळाशी मातकट थर बसतो. विरघळवताना संहत हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार-पाच थेंब घातले की तो टळतो. सिल्व्हर नायट्रेट तपकिरी बाटलीत ठेवा.

सोडियम हायड्रॉक्साइड घातल्यावर कोणता रंग कशाचा?

अभिकारक थेंबाथेंबाने घाला, प्रत्येक थेंबानंतर हलवा, आणि अवक्षेप आल्यावर थांबू नका; जादा मात्रा घालून पाहिल्याशिवाय ही परीक्षा पूर्ण होत नाही.

कॉपर फिकट निळा, जेलीसारखा अवक्षेप देतो. तो जादा मात्रेत विरघळत नाही, आणि उकळत्या पाण्यात नळी धरली की काळा पडतो, कारण हायड्रॉक्साइडचा ऑक्साइड होतो. सोडियम हायड्रॉक्साइड फार संहत असेल तर थोडा विरघळून द्रावण गडद निळे दिसते. ते पाहून अमोनिया समजू नका. निकेल पोपटी हिरवा अवक्षेप देतो, जादा मात्रेत तसाच राहतो. कोबाल्टचा अवक्षेप आधी निळा असतो, थोडा वेळ ठेवला किंवा कोमट केला की गुलाबी होतो आणि हवेत हळूहळू तपकिरी पडतो. ही एकच परीक्षानळी तीन जणांनी तीन वेळी पाहिली तर तिघे तीन रंग लिहितात आणि तिघेही बरोबर असतात.

फेरिकचा अवक्षेप लालसर तपकिरी असतो. फेरसचा तात्त्विकदृष्ट्या पांढरा, पण प्रत्यक्षात मळकट हिरवा दिसतो आणि हवेला लागून वरून तपकिरी होत जातो. मँगनीजचा अवक्षेप पांढरट असतो, तोही वरून तपकिरी होतो. हा बदल वरच्या पृष्ठभागापासून सुरू होतो. तपकिरी थर वरून खाली सरकताना दिसला तर ते हवेतल्या ऑक्सिजनचे काम आहे, अभिकारकाचे नव्हे.

झिंक, ॲल्युमिनियम आणि लेड पांढरा अवक्षेप देतात आणि तिघांचाही जादा मात्रेत विरघळतो. मॅग्नेशियमचा पांढरा अवक्षेप विरघळत नाही. सिल्व्हरमधून हायड्रॉक्साइड न मिळता तपकिरी काळपट ऑक्साइड मिळतो.

झिंक-ॲल्युमिनियमच्या बाबतीत एक चूक फार होते: पहिल्याच फटक्यात १ मिलि सोडियम हायड्रॉक्साइड ओतणे. अवक्षेप तयार होऊन क्षणात विरघळतो आणि वहीत ‘बदल नाही’ अशी नोंद जाते.

अमोनिया घातला तर आधी अवक्षेप आला, मग नाहीसा झाला. हे कसे?

अमोनिया दोन कामे करतो. पाण्यात तो थोडे हायड्रॉक्साइड आयन तयार करतो, त्यामुळे सुरुवातीला हायड्रॉक्साइड (किंवा बेसिक क्षार) खाली बसतो. अमोनिया वाढला की त्याचे रेणू स्वतःच धातूला जोडले जातात आणि विरघळणारा जटिल आयन (धातू आणि त्याला जोडलेले रेणू किंवा आयन मिळून झालेला) तयार होतो.

कॉपर सल्फेटच्या १ मिलि द्रावणात पहिल्या दोन थेंबांना फिकट निळा अवक्षेप येतो. हिशेबाने चार थेंबांतला अमोनिया चार रेणू जोडायला पुरतो, पण समतोलामुळे (अभिक्रिया उलट दिशेनेही चालू असल्यामुळे) प्रत्यक्षात आठ-दहा थेंब लागतात. मग अवक्षेप विरघळून शाईसारखे गडद निळे, पूर्ण पारदर्शक द्रावण मिळते. अजून गढूळ दिसत असेल तर अमोनिया कमी पडला आहे किंवा बाटलीतला अमोनिया उडून गेला आहे. उघड्या बाटलीतला अमोनिया काही आठवड्यांत बराच विरल होतो, आणि ‘अमोनियाची परीक्षा येत नाही’ या तक्रारीचे हे पहिले कारण असते.

निकेलचा हिरवा अवक्षेप विरघळून निळसर जांभळे द्रावण होते. कॉपरपेक्षा ते फिकट असते. दोन्ही शेजारी धरल्यास फरक लगेच कळतो. कोबाल्टचे द्रावण पिवळसर तपकिरी होते आणि हवेत लालसर तपकिरी होत जाते, कारण कोबाल्ट(दोन) चे ऑक्सिडीकरण होऊन (इलेक्ट्रॉन जाऊन) कोबाल्ट(तीन) बनतो. झिंक विरघळतो, रंग येत नाही. ॲल्युमिनियम, लेड आणि फेरिक यांचे अवक्षेप अमोनियात विरघळत नाहीत. म्हणून झिंक आणि ॲल्युमिनियम वेगळे करायला अमोनियाच कामाचा. मिश्रणात अमोनियम क्लोराइड असेल तर मॅग्नेशियमचा अवक्षेप येतच नाही, कारण हायड्रॉक्साइडचे प्रमाण तेवढे वाढत नाही.

कॉपर सल्फेट निळे आणि कॉपर क्लोराइड हिरवे का? दोन्हीकडे तांबे तेच ना?

तांबे तेच, शेजारी वेगळे. संहत कॉपर क्लोराइडमध्ये काही कॉपर आयनांभोवती पाण्याऐवजी क्लोराइड असतात, आणि तो जटिल आयन पिवळा असतो. पिवळा अधिक निळा म्हणून हिरवा. त्याच द्रावणात पाणी घालत गेलात की ते निळे होते. उलट, कॉपर सल्फेटमध्ये संहत हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घाला. निळा, हिरवा, पिवळसर हिरवा असा प्रवास दिसतो.

हाच खेळ कोबाल्टमध्ये जास्त देखणा आहे. कोबाल्ट क्लोराइडच्या २ मिलि गुलाबी द्रावणात संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घालत जा, जांभळट छटा आली की थांबा. साधारण तेवढेच किंवा थोडे जास्त आम्ल लागते. आता ही नळी ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धरली की निळी होते आणि बर्फाच्या पाण्यात धरली की गुलाबी. निळ्या आयनाकडे जाणारी अभिक्रिया उष्णता शोषते, म्हणून तापमान वाढले की समतोल तिकडे सरकतो. दोन-चार थेंब पाणी घातले तरी गुलाबी होते. सिल्व्हर नायट्रेट घातले तर सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा अवक्षेप बसतो, क्लोराइड कमी होते आणि वरचे द्रावण गुलाबी होते.

यातला महत्त्वाचा बारकावा असा: निळा क्लोराइड आयन गुलाबी आयनापेक्षा सुमारे शंभरपट तीव्रतेने प्रकाश शोषतो. दहातला एक कोबाल्ट आयन जरी निळ्या रूपात गेला तरी नळी निळीच दिसते. ‘निळे झाले, म्हणजे सगळा कोबाल्ट बदलला’ हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा. डोळा रंगाची तीव्रता मोजतो, आयनांची संख्या नाही.

फेरिक क्लोराइड पिवळे, फेरिक नायट्रेटचे स्फटिक मात्र फिकट जांभळे. फेरिकचा खरा रंग कोणता?

सहा पाण्याच्या रेणूंनी वेढलेला फेरिक आयन फिकट जांभळा असतो. पण तो बराच आम्लधर्मी आहे. साध्या पाण्यात तो प्रोटॉन सोडतो आणि हायड्रॉक्साइड जोडलेली पिवळी-तपकिरी रूपे तयार होतात. फेरिक नायट्रेटच्या द्रावणात नायट्रिक आम्ल घातले की पिवळेपणा कमी होतो. तिथे हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नका, कारण क्लोराइडचा जटिल आयन स्वतःच पिवळा आहे आणि रंग उलट गडद होतो.

याच आम्लधर्मामुळे ०.१ मोलर फेरिक द्रावणातून हायड्रॉक्साइड पीएच २ च्या आसपासच बसू लागतो, कॉपरला मात्र साधारण ४.७ लागतो. फेरिकमध्ये सोडियम कार्बोनेट घातले तर कार्बोनेट मिळत नाही. बुडबुडे येतात आणि तपकिरी हायड्रॉक्साइड बसतो. कॉपरबरोबर तेच कार्बोनेट निळसर हिरवा बेसिक कार्बोनेट देते.

थायोसायनेटचा लाल रंग कधी येतो, कधी जातो?

फेरिक क्लोराइड १ मिलि आणि ०.१ मोलर पोटॅशियम थायोसायनेट १ मिलि एकत्र करून पाण्याने ५० मिलि करा. थेट मिसळलेले द्रावण इतके गडद लाल असते की त्यात पुढचे कोणतेच बदल दिसत नाहीत. विरल केलेले चार नळ्यांत वाटा, एक तुलनेसाठी ठेवा. एकीत फेरिकचे दोन थेंब, दुसरीत थायोसायनेटचे दोन थेंब: दोन्ही गडद होतात, म्हणजे आधी दोन्ही आयन शिल्लक होते. चौथीत डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट घाला, रंग उडतो. फॉस्फेटने फेरिक बांधून घेतला. सोडियम हायड्रॉक्साइडनेही लाल रंग जातो, पण तिथे तपकिरी अवक्षेप दिसतो.

नळी तासभर ठेवल्यावर रंग आपोआप फिका पडत असेल तर घाबरू नका. फेरिक हळूहळू थायोसायनेटचेच ऑक्सिडीकरण करतो. रंगमापन करायचे असेल तर मिसळल्यावर ठरावीक वेळातच वाचन घ्या.

फेरसची परीक्षा करताना फेरिकचेही निकाल येतात. द्रावण खराब का?

बहुतेक वेळा हो. ताजे फेरस द्रावण फिकट हिरवे असते. पिवळट दिसले की काही फेरिक तयार झाले आहे. पोटॅशियम फेरीसायनाइड फेरसबरोबर गडद निळा अवक्षेप देते, पोटॅशियम फेरोसायनाइड फेरिकबरोबर. एकच नळी दोघांशी निळी होत असेल तर तिच्यात दोन्ही आयन आहेत. द्रावण त्याच दिवशी बनवा, पाणी उकळून थंड करून घ्या, विरल सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब घाला आणि फेरस सल्फेटऐवजी फेरस अमोनियम सल्फेट वापरा. ते जास्त टिकाऊ आहे.

कॉपर सल्फेटमध्ये पोटॅशियम आयोडाइड घातले तर तपकिरी राडा झाला. अवक्षेप तपकिरी आहे का?

नाही. कॉपर(दोन) हा आयन आयोडाइड आयनांचे ऑक्सिडीकरण करून आयोडीन मोकळे करतो आणि स्वतः कॉपर(एक) होतो. कॉपर(एक) आयोडाइडचा अवक्षेप पांढरट असतो, तपकिरी रंग आयोडीनचा. सोडियम थायोसल्फेट थेंबाथेंबाने, तपकिरी रंग जाईपर्यंतच घाला. पांढरा अवक्षेप उघडा पडेल. जास्त घातले तर तोही विरघळू लागतो.

फेरिकही आयोडाइडमधून आयोडीन मोकळे करतो, पण तिथे अवक्षेप नसतो. दोन्हीकडे स्टार्चने गडद निळा रंग येईल, म्हणून इथे स्टार्चची परीक्षा तुम्हाला तांबे की लोह हे सांगणार नाही.

दोन रंगहीन द्रावणांतून पिवळा अवक्षेप कसा येतो? आणि तापवल्यावर तो विरघळायला हवा होता, विरघळला नाही.

लेड नायट्रेट आणि पोटॅशियम आयोडाइड दोन्ही रंगहीन, पण लेड आयोडाइड झळझळीत पिवळा आणि थंड पाण्यात जवळजवळ अविद्राव्य आहे. तापवून विरघळवायचा आणि थंड होताना सोनेरी चकत्या पडताना पाहायच्या, हा प्रयोग फसतो तो प्रमाणामुळे. २५ अंशांच्या आसपास लेड आयोडाइड लिटरला पाऊण ग्रॅमच्या जवळपास विरघळते, १०० अंशांना सुमारे ४ ग्रॅम. ०.१ मोलर द्रावणे १ मिलि आणि २ मिलि अशी थेट मिसळली तर लिटरमागे १५ ग्रॅम अवक्षेप तयार होतो. कितीही उकळले तरी तो विरघळणार नाही.

प्रमाण असे घ्या: लेड नायट्रेट १ मिलि, पाणी १७ मिलि, ॲसेटिक आम्लाचे दोन-तीन थेंब, मग पोटॅशियम आयोडाइड २ मिलि. एकूण २० मिलिमध्ये अवक्षेप लिटरमागे २.३ ग्रॅम होतो. उकळीच्या जवळ नेल्यावर द्रावण रंगहीन होते. मग नळी न हलवता हळूहळू थंड होऊ द्या. झटकन थंड केले तर चकत्यांऐवजी बारीक पिवळी भुकटी मिळते. आयोडाइड फार जास्त आणि संहत घातले तर जटिल आयन बनून अवक्षेप थंडीतही विरघळतो.

सिल्व्हरच्या अवक्षेपांत रंगापेक्षा अमोनियावर भरवसा ठेवा. क्लोराइड पांढरा आणि विरल अमोनियात विरघळणारा, ब्रोमाइड फिकट पिवळसर आणि संहत अमोनियातच विरघळणारा, आयोडाइड पिवळा आणि न विरघळणारा. ब्रोमाइड आणि आयोडाइड नुसत्या रंगावरून ओळखण्याच्या फंदात पडू नये. क्लोराइड उजेडात जांभळट करडा होतो, म्हणून रंग लगेच नोंदवा.

क्रोमियमचे रंग इतके का फिरतात?

क्रोमियम(तीन) आपले शेजारी फार सावकाश बदलतो. हिरव्या क्रोमियम क्लोराइडमध्ये दोन क्लोराइड थेट धातूला जोडलेले असतात. द्रावण ठेवून दिले की त्यांची जागा पाणी घेते आणि रंग जांभळटपणाकडे झुकतो. जांभळ्या क्रोम तुरटीचे द्रावण तापवले तर हिरवे होते आणि थंड केल्यावर लगेच परत येत नाही. म्हणजे ‘थंड केले, रंग परतला नाही, म्हणून अभिक्रिया अपरिवर्तनीय’ हा तर्क इथे फसतो.

सोडियम हायड्रॉक्साइडने करडा हिरवा अवक्षेप येतो, जादा मात्रेत विरघळून हिरवे द्रावण होते. त्यात ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घालून तापवले की पिवळे क्रोमेट, आणि ते आम्ल केले की नारिंगी डायक्रोमेट. सापळा इथेच आहे: पेरॉक्साइड शिल्लक असताना आम्ल घातले तर क्षणभर गडद निळा रंग चमकतो आणि द्रावण पुन्हा हिरवे होते, कारण क्रोमियमचे क्षपण होऊन (त्याला इलेक्ट्रॉन मिळून) तो परत क्रोमियम(तीन) होतो. आम्ल घालण्याआधी तीन-चार मिनिटे उकळून पेरॉक्साइड घालवा.

कॉपर सल्फेटमध्ये लोखंडी खिळा ठेवला, रंग फिका झाला. ॲल्युमिनियम ठेवले तर काहीच नाही. ॲल्युमिनियम तर जास्त क्रियाशील आहे ना?

आहे, पण त्यावर ऑक्साइडचा घट्ट थर असतो. चिमूटभर मीठ घाला. क्लोराइड तो थर फोडते आणि अभिक्रिया जोरात सुरू होते, नळी गरम होते, हायड्रोजनचे बुडबुडेही येतात. लोखंडी खिळा सँडपेपरने घासून घ्या, नाहीतर त्यावरचा तेलाचा किंवा गंजाचा थर आड येतो. वीस मिनिटांत तांब्याचा लालसर थर दिसतो. द्रावणाचा फिकट हिरवा रंग फेरसचा असतो, पण उरलेल्या निळ्यात तो सहसा लपतो. झिंकवर बसणारा काळा थर पाहून गोंधळू नका, तो अतिशय बारीक कणांचे तांबेच असतो. उलटी दिशाही पाहण्यासारखी आहे: सिल्व्हर नायट्रेटमध्ये तांब्याची तार ठेवली तर रंगहीन द्रावण निळे होत जाते.

एका नळीत दोन रंगीत आयन असतील तर?

आधी वेगळे करा, मग रंग पाहा. फेरिक आणि कॉपर एकत्र असतील तर जादा अमोनिया घालून गाळा. गाळणी कागदावर तपकिरी फेरिक हायड्रॉक्साइड राहतो, खाली गडद निळे द्रावण येते. अवक्षेप धुऊन विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा आणि थायोसायनेटने खात्री करा.

कोबाल्ट शोधताना फेरिकचा लाल रंग आड येतो. अशा वेळी सोडियम फ्लोराइडने फेरिक बांधून घेतात, मग भरपूर थायोसायनेट आणि ॲसिटोन घातले की कोबाल्टचा निळा रंग उघड होतो. फ्लोराइड विषारी आहे आणि आम्लाबरोबर घातक वायू देते, म्हणून देखरेखीशिवाय नको. निकेलसाठी डायमिथाइल ग्लायऑक्झिमचे १ टक्का द्रावण वापरा: अमोनियायुक्त द्रावणात गुलाबी लाल अवक्षेप. द्रावण आम्लधर्मी असेल तर अवक्षेप येत नाही. फेरस असेल तरीही लाल रंग येतो, पण तो द्रावणाला, अवक्षेपाला नाही.

मोबाईलवर फोटो काढून रंगांची तुलना चालेल का?

प्रत्येक फोटोत मूळ द्रावणाची नळी, पाणी घातलेली तुलनेची नळी आणि पांढरा कागद असेल तरच. कॅमेरा रंगांचा समतोल स्वतः बदलत राहतो, त्यामुळे वेगवेगळ्या वेळी काढलेल्या फोटोंमधले रंग जुळवता येत नाहीत. डोळ्यांसाठीही दिवसाचा किंवा पांढरा उजेड हवा. पिवळ्या दिव्याखाली बेरियम क्रोमेटसारखा फिकट पिवळा अवक्षेप पांढरा वाटतो. लाल-हिरव्यात गोंधळ होणाऱ्यांनी रंगाच्या नावाऐवजी विद्राव्यता, तापवल्यावरचा बदल आणि शक्य असेल तिथे रंगमापीवरचे वाचन यांवर निष्कर्ष काढावा.

वापरलेली द्रावणे कुठे टाकायची? काय अजिबात मिसळू नये?

लेड, क्रोमियम, निकेल, कोबाल्ट, कॉपर आणि सिल्व्हर बेसिनमध्ये ओतू नका. नाव लिहिलेल्या वेगळ्या डब्यांत जमा करा. क्रोमेट आणि डायक्रोमेट कर्करोगकारक आहेत, निकेल आणि कोबाल्टच्या क्षारांनी त्वचेला ॲलर्जी होते. हातमोजे आणि चष्मा लावूनच काम करा.

अमोनियात विरघळलेले सिल्व्हर दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, त्यातून स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. काम संपताच विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने आम्लधर्मी करा आणि बसलेला सिल्व्हर क्लोराइड सिल्व्हरच्या डब्यात टाका. फेरोसायनाइड, फेरीसायनाइड आणि थायोसायनेटची द्रावणे संहत आम्लाबरोबर तापवू नका. विषारी वायू निघतात. म्हणून या तिघांचा कचरा आम्लाच्या डब्यात जाता कामा नये. अमोनिया असलेला कचरा आणि क्लोरीनयुक्त ब्लीच यांचीही गाठ पडू देऊ नका.